'टॅपेट दहाला लावा' म्हणालो होतो, ते चुकलं



जूनच्या सुरुवातीला मी इथे एक छोटा व्हिडिओ टाकला होता, आठवत असेल. आपला जुना मॅसी चालू आहे, बॉनेट उघडं आहे आणि इंजिनाची टकटक पूर्ण बंद झालीय, असा. खाली लिहिलं होतं, "टॅपेट घरीच लावले. दहाची पट्टी. मिस्त्रीची गरज नाही." बऱ्याच जणांनी शाबासकी दिली. दोघा-तिघांनी विचारलं, दहाची म्हणजे नेमकी कोणती? मी मोठ्या तोऱ्यात उत्तर दिलं, "पट्टीवर ०.१० छापलेलं असतं ती."

तो व्हिडिओ आता काढून टाकलाय. पण ज्यांनी तो बघून टॅपेट लावले असतील त्यांनी ट्रॅक्टर जुंपायच्या आधी झाकण परत उघडा. ०.१० ची पट्टी चुकीची आहे. माझ्या इंजिनला थंड असताना ०.३० मिलीमीटर लागते. तुमच्या इंजिनाचा आकडा तुमच्या पुस्तकात बघा, माझ्या शब्दावर जाऊ नका. एकदा गेलात तेवढं पुरे झालं.

आता झालं काय ते सांगतो. थोडं लांबेल, पण यात माझे तीन दिवस, दोन पिशव्या बियाणं आणि बरीचशी घमेंड गेलीय.

ट्रॅक्टर तात्यांनी १९८६ साली घेतलेला. ३५ हॉर्सपॉवर, तीन सिलिंडर. आमच्या घरातला सगळ्यात जुना कामकरी तोच, तात्या सोडले तर. गेल्या दोन हंगामांपासून वरून टकटक टकटक आवाज यायचा. चालायला काही तक्रार नव्हती. पण आवाज कानात बसला की दुसरं काही ऐकूच येत नाही. मे महिन्याच्या शेवटी म्हणलं, पेरणीच्या आधी हे काम उरकू.

माझ्या ट्रॅक्टरला वरचं झाकण काढायचं तर डिझेलची टाकी सोडून बाजूला करावी लागते. टाकी सोडायची म्हणजे डिझेलची नळी सोडायची. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी टॅपेट म्हणजे काय ते दोन ओळीत. व्हॉल्व्ह उघडणारा रॉकर आणि व्हॉल्व्हची दांडी यांच्यात एक बारीक फट ठेवलेली असते. इंजिन तापलं की दांडी वाढते. वाढायला जागा पाहिजे म्हणून फट. फट जास्त झाली की रॉकर दांडीवर आपटतो, तीच टकटक. कमी झाली तर काय होतं, ते मी या जूनमध्ये शिकलो.

टूलबॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तात्यांनी पांढऱ्या ऑइलपेंटने फार पूर्वी लिहून ठेवलंय, "टॅ. १०". बाकी काही नाही. आमची जुनी पट्ट्यांची जुडी कधीच हरवली होती. मी बाजारातून नवीन फिलर गेज आणलं. त्यात ०.०५ पासून १.०० पर्यंत पट्ट्या. १० शोधली, ०.१० सापडली. मनात शंकाही आली नाही. एकेक टॅपेट तिच्यावर लावला, चेकनट आवळला, झाकण बसवलं, टाकी चढवली, नळी जोडली.

चालू केला, तर इंजिन वेड्यासारखं करायला लागलं. रेस आपोआप वर-खाली. मध्येच एक ठोका गायब. पांढरट धूर. दोन मिनिटांत बंद.

पहिला विचार तुमच्या मनात येईल तोच माझ्या मनात आला. टॅपेट चुकले. पण ते चुकले नव्हते. म्हणजे चुकले होतेच, पण हा त्रास त्यांचा नव्हता. नळी सोडली तेव्हा डिझेलमध्ये हवा शिरली होती. फिल्टरवरचा स्क्रू सैल केला, हातपंप मारला, बुडबुडे फसाफसा बाहेर. पंपावरचा स्क्रू सोडून तिथलीही हवा काढली. नळीच्या तोंडाचा तांब्याचा वायसर दबून चपटा झाला होता, तिथूनच हवा ओढत होता. तो बदलला. मग इंजिन लागलं ते असं लागलं की विचारू नका. एकसारखं. टकटक नावाला नाही. तेव्हाच तो व्हिडिओ काढला.

माझी खरी फसगत इथे झाली. एक दोष सापडला, दूर झाला, इंजिन गोड चाललं. मग दुसरा दोष असेल असं कोणाला वाटणार? टॅपेटचं काम माझ्या हिशोबात पास झालं होतं.

पुढे पाऊस आला. आमच्याकडे लातूर भागात भारी काळी जमीन, तुम्हाला सांगायला नको. माझ्या घरच्या पर्जन्यमापकात चार दिवसांत ९२ मिलीमीटर. सोयाबीनला ७५ ते १०० मिलीमीटर झाल्याशिवाय हात लावू नका म्हणतात, म्हणजे तोही हिशोब बसला. पाचव्या दिवशी वाफसा. ज्यांची काळी जमीन आहे त्यांना माहीत आहे, वाफसा म्हणजे पाहुणा. आज आहे, उद्या ऊन पडलं तर वरचा थर आवळतो, परवा पाऊस आला तर चिखल. सात एकर आपलं आणि शेजारच्या दोघांना पेरून देतो असा शब्द दिलेला.

सकाळी साडेसहाला बीजप्रक्रिया केली. आधी बुरशीनाशक, ते सुकल्यावर रायझोबियम आणि पीएसबी, दहा किलोला २५० ग्रॅम. फुले संगमच्या ३० किलोच्या चार पिशव्या प्रक्रिया करून सावलीत पसरल्या. जिवाणू लावलेलं बी त्याच दिवशी जमिनीत गेलं पाहिजे. ऊन लागलं, वाळलं की जिवाणू मरतात, मग नुसता काळा रंग उरतो बियाण्यावर.

पहिला एकर झकास झाला. दुसऱ्या एकराच्या मधोमध ट्रॅक्टरचा दम गेला. यंत्र तेच, गियर तोच, जमीन तीच. पण वळणावर रेस दिली तरी उचलेना. मग एक ठोका गायब. फट, फट, फट, चूप. फट, फट, चूप. आणि सायलेन्सरमधून कच्च्या डिझेलचा वास. बंद केला, परत चालू करायला गेलो तर घेईना. नुसता फिरतोय.

मी काय केलं असेल? परत हवा काढली. गेल्या वेळी हवा होती ना, म्हणून यावेळीही हवाच. बुडबुडा एक नाही. फिल्टर बदलला. काही फरक नाही. या धावपळीत पाऊण तास गेला आणि इंजिन निवलं. निवल्यावर घातली किल्ली तर पहिल्या फटक्यात चालू. एकदम एकसारखं! मला वाटलं फिल्टरच होता. परत जुंपला. अर्ध्या तासाने परत तेच.

आता शहाण्या माणसाने इथे थांबून विचार केला असता. मी मिस्त्रीला फोन लावला. त्यांनी फोनवरच सांगितलं, "नोजल गेलं असणार. पंपपण काढून बघावा लागेल. घेऊन या." घेऊन जायचं म्हणजे १८ किलोमीटर, आणि पेरणीच्या दिवसांत त्यांच्याकडे रांग. पंप उघडला की खर्चाचा आकडा माझ्या हातात राहत नाही. म्हणलं आधी कोणता सिलिंडर काम करत नाही तेवढं तर बघू.

ते बघायची रीत अशी. इंजिन स्लोवर चालू ठेवायचं आणि पंपाकडून नोजलकडे जाणाऱ्या नळीचा नट पाना लावून थोडासा सैल करायचा, एका वेळी एकच. त्या सिलिंडरचं डिझेल बाहेर गळतं. तो सिलिंडर काम करत असेल तर इंजिन लगेच लंगडतं. लंगडलं नाही तर तो आधीच मेलेला. पण हात आणि तोंड लांब ठेवा, डोळ्याला चष्मा लावा. तिथून डिझेल एवढ्या दाबाने येतं की कातडीत घुसतं. घुसलं तर घरगुती इलाज करत बसू नका, तडक दवाखाना गाठा.

पहिला सैल केला, लंगडलं. दुसरा, लंगडलं. तिसरा, काही फरक नाही. म्हणजे तिसरा मेलेला.

मग दुसऱ्याचं नोजल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याचं दुसऱ्यावर लावलं. नोजल खराब असेल तर दोष त्याच्याबरोबर दुसऱ्या सिलिंडरवर जाईल, असा हिशोब. हिशोब बरोबर होता. पण नोजल काढघाल करेपर्यंत इंजिन परत निवलं, आणि चालू केल्यावर तिन्ही सिलिंडर व्यवस्थित! मी डोक्याला हात लावून बसलो.

तात्या बांधावरच्या लिंबाखाली बसून हे सगळं बघत होते. त्यांचं वय ७८. एका कानाने कमी ऐकू येतं, पण डोळे शाबूत आहेत. ते म्हणाले, "तू हात लावलास की बरा होतोय असं तुला वाटतंय. तू काहीच करू नको, नुसता अर्धा तास बंद ठेव. तरी बरा होतोय का बघ."

मी म्हणलं, "तात्या, पेरणी राहिलीय, नुसतं बसून कसं चालेल?"

"मग बी काय ट्रॅक्टर पेरणाराय का आज?"

ते बरोबर होतं. सावलीत पसरलेल्या दोन पिशव्या तशाच होत्या आणि दुपारचे बारा वाजून गेले होते. शेजारचे काका त्यांच्या बैलजोडीने तिफण चालवत होते. त्यांना जाऊन अडचण सांगितली. त्यांनी त्यांची पेरणी थांबवून आमच्या दोन पिशव्या संध्याकाळपर्यंत जमिनीत घातल्या. वाचताना हे एका ओळीत संपतं, पण वाफशाच्या दिवशी स्वतःचं रान सोडून दुसऱ्याच्या रानात तिफण नेणं काय असतं ते आपल्याला माहीत आहे. त्यांनाच मी ट्रॅक्टरने पेरून देणार होतो.

मी इकडे तात्यांनी सांगितलं ते केलं. ट्रॅक्टर गरम करून मिसिंग करेपर्यंत चालवला, बंद केला, कशालाही हात लावला नाही. पाऊण तासाने चालू केला. बरा. परत गरम झाला. आजारी.

म्हणजे फिल्टरने काही केलं नव्हतं, नोजल बदलण्यानेही नाही. प्रत्येक वेळी इलाज गारव्याने होत होता आणि श्रेय माझा पाना घेत होता.

संध्याकाळी माझ्या एका शाळेतल्या मित्राला फोन केला. तो गेली बरीच वर्षं इंग्लंडात कॉव्हेंट्रीजवळ राहतो, कारखान्यात नोकरीला आहे. त्याचा छंद जरा निराळा. त्याच्याकडे १९५९ ची ट्रायम्फ टीआर३ए आहे, दोन माणसांची उघडी स्पोर्ट्स कार. शनिवारी-रविवारी तो त्या गाडीखाली झोपलेला असतो. आपल्याकडे रात्रीचे आठ म्हणजे त्यांच्याकडे उन्हाळ्यात दुपारचे साडेतीन, तेव्हा गाठ पडली.

इथे थोडं विषयांतर करतो, कारण ट्रॅक्टरवाल्यांना हे आवडेल. तो मला नेहमी चिडवतो की माझ्या स्पोर्ट्स कारमध्ये तुमच्या ट्रॅक्टरच्या घराण्याचं इंजिन आहे. ते खोटं नाही. हॅरी फर्ग्युसनचा तो प्रसिद्ध करडा छोटा ट्रॅक्टर टीई-२० हा १९४६ पासून कॉव्हेंट्रीतच स्टँडर्ड मोटर कंपनीच्या कारखान्यात बनायचा. त्यात पुढे स्टँडर्डचं जे चार सिलिंडरचं, ओल्या स्लीव्हचं इंजिन बसलं, त्याच जातीचं इंजिन थोडं बदलून, दोन कार्ब्युरेटर लावून १९५३ मध्ये ट्रायम्फ टीआर२ या स्पोर्ट्स कारमध्ये घातलं, आणि पुढे टीआर३ मध्येही. फर्ग्युसन पुढे मॅसीबरोबर एक झाले, त्यातून मॅसी फर्ग्युसन हे नाव. माझ्या ट्रॅक्टरचं तीन सिलिंडरचं डिझेल इंजिन वेगळं, ते पर्किन्सच्या घराण्यातलं. पण तेही इंग्लंडचंच. म्हणून तर या ट्रॅक्टरच्या कितीतरी नटांना अजून इंचाचेच पाने लागतात.

तर मित्राने सगळं ऐकून घेतलं. मग त्याने त्याची गोष्ट सांगितली. दोन वर्षांपूर्वी त्याने त्याच्या गाडीचे टॅपेट लावले आणि लगेच गाडी खोकायला लागली, कार्ब्युरेटरमधून उलट फटाके. त्याने दोन शनिवार-रविवार परत परत टॅपेट तपासले. टॅपेट एकदम बरोबर होते. झाकण काढताना त्याने स्पार्क प्लगच्या वायरी बाजूला केल्या होत्या आणि लावताना दोन वायरींची अदलाबदल झाली होती. त्या इंजिनाचा क्रम १-३-४-२. वायरी बदलल्या, गाडी सरळ.

"माझी पहिल्या सेकंदापासून खोकत होती," तो म्हणाला, "थंड असो, गरम असो. काम करताना हलवलेलं काहीतरी नीट बसलं नाही तर असं होतं. तुझी पहिल्या दिवशी नळीतून हवा घेत होती, तीही पहिल्या मिनिटापासून. पण आता थंड असताना बरी आणि गरम झाल्यावरच मरते. हे वेगळं आहे. आवाज कसाय?"

मी म्हणलं, "आवाजच नाही. अगदी शांत."

"जरासुद्धा टिकटिक नाही?"

"नाही. पूर्वी किती वाजायचं, आता काहीच नाही."

"अरे, जुन्या इंजिनाने जरा तरी टिकटिक केली पाहिजे. पट्टी दाखव कोणती वापरली."

मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर पट्टी धरली. तो थोडा वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "यावर ०.१० एमएम आहे. तुला दहा पाहिजे होती. माझ्या गाडीच्या पुस्तकात इनलेटला दहाच आहे, पण ती दहा थाऊ. इंचाचा हजारावा भाग, तसे दहा. म्हणजे ०.२५ मिलीमीटर. तू लावली ती चार थाऊ झाली."

मी टूलबॉक्सचं झाकण आणून तात्यांना विचारलं, हे टॅ. १० कोणी सांगितलं होतं? तात्या म्हणाले, "त्या वेळच्या मिस्त्रीने. त्याच्याकडे इंचाच्या पट्ट्या होत्या. आणि तो इंजिन गरम करून लावायचा. थंड असताना कधी लावताना नाही बघितला."

म्हणजे झाकणावरचे दोन आकडे खरे होते. फक्त इंच आणि गरम हे दोन शब्द तात्यांच्या डोक्यात राहिले होते. गरम इंजिनला दहा थाऊ, थंडला बारा, म्हणजे ०.३०. आणि मी थंड इंजिनला ०.१० लावून बसलो. जवळपास एक तृतीयांश.

त्याच रात्री खात्री केली. ट्रॅक्टर मिसिंग करेपर्यंत गरम केला, बंद केला आणि गरम असतानाच टाकी बाजूला करून झाकण काढलं. तिसऱ्या सिलिंडरच्या दोन्ही व्हॉल्व्हवरचा दाब निघेल असं इंजिन आणून ठेवलं आणि पुशरॉड दोन बोटांत धरून फिरवून बघितला. व्हॉल्व्ह पूर्ण बंद असेल आणि फट असेल तर पुशरॉड बोटाने सहज गर्रकन फिरतो. इनलेटचा कसाबसा फिरला. एक्झॉस्टचा हलेचना. फट शून्य. म्हणजे गरम झाल्यावर तो एक्झॉस्ट व्हॉल्व्ह कधी पूर्ण मिटतच नव्हता, कॉम्प्रेशन निघून जात होतं. ही तपासणी पट्टीशिवाय होते, फुकटात होते, आणि रानात बसल्या बसल्या होते.

आणि मिसिंग हा त्यातला छोटा भाग आहे, हेही सांगतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आगीत उभा असतो. तो निवतो मुख्यतः सीटवर टेकतो तेव्हा, उष्णता सीटमधून हेडमध्ये जाते. टेकलाच नाही तर निवणार कसा? कडेने जाळ जात राहतो आणि व्हॉल्व्ह भाजतो. टकटक करणारा सैल टॅपेट कान खातो आणि हळूहळू झिजतो. आवळलेला टॅपेट गप्प बसून व्हॉल्व्ह खातो. मी दोन हंगाम ज्या आवाजाला वैतागलो होतो तो त्या मानाने गरीब होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला, इंजिन रात्रभर निवल्यावर, परत लावले. माझ्या मित्राने त्याचा नऊचा नियम सांगितला होता. चार सिलिंडर, आठ व्हॉल्व्ह असले की जो व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे त्याचा नंबर नवातून वजा करायचा आणि येईल त्या नंबरचा टॅपेट लावायचा. आठवा उघडा तर पहिला लावा, सहावा उघडा तर तिसरा. त्याच्या गाडीला चालतो. आपल्या तीन सिलिंडरला चालत नाही, तिथे जोड्या जुळत नाहीत. हेही मुद्दाम लिहितोय, कारण चार सिलिंडरवाल्याने सांगितलेलं तीनवाल्याने केलं की नवीन घोळ.

तीन सिलिंडरला मी केलं ते असं. स्टॉप ओढून ठेवला. क्रँकच्या पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने फिरवलं. ज्या सिलिंडरचे टॅपेट लावायचे त्याचे दोन्ही रॉकर झुलताना बघायचे. एक्झॉस्ट मिटत आलाय आणि इनलेट उघडायला लागलाय, ती जागा. तिथे पुलीवर खडूने खूण केली. तिथून पुलीचा बरोबर एक पूर्ण फेरा. आता त्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात, दोन्ही लावून घ्यायचे. मग पुढचा सिलिंडर, परत झुलताना बघायचा, परत एक फेरा. वेळ लागतो, पण पाठ करायला काही नाही आणि चुकायला जागा कमी.

पट्टी रॉकर आणि दांडीमध्ये ओढताना हलकी घासली पाहिजे. अडकायला नको, मोकळी सुटायलाही नको. आणि चेकनट आवळल्यावर परत बघायचं. आवळताना स्क्रू नटाबरोबर थोडा फिरतो आणि फट बदलते. माझे सहापैकी दोन तसे बदलले होते. रॉकरच्या तोंडाला खळगा पडला असेल तर पट्टी खळग्यावरून पूल टाकल्यासारखी जाते आणि खरी फट जास्त निघते. मग पट्टी बरोबर सांगते तरी टकटक राहते, आणि माणूस वैतागून आवाजावर आवळत जातो. तसं करू नका. माझ्या एका रॉकरला तसा खळगा आहे, तो एक वाजतो. वाजू दे सध्या.

साडेसातला चालू केला. हवा काढली होती, वायसर नवीन टाकला होता, त्यामुळे पहिल्या मिनिटापासून एकसारखं. हलकी टिकटिक. खरं सांगतो, तो आवाज ऐकून जरा मन खट्टू झालं. व्हिडिओतलं इंजिन किती छान वाटत होतं!

नऊला जुंपला. दहा वाजता, अकरा वाजता, दोन वाजता कान लावून ऐकत होतो. गरम झाल्यावर बंद करून परत चालू केला, लगेच घेतला. आमचं उरलेलं तीन एकर संध्याकाळपर्यंत झालं. काकांचं अडीच एकर तिसऱ्या दिवशी सकाळी पेरलं, पैसे घ्यायचा प्रश्न नव्हता. दुसऱ्या शेजाऱ्याला मात्र शब्द पाळता आला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी पाऊस लागला आणि वाफसा गेला. त्यांनी आठ दिवसांनी पेरणी केली. ते काही बोलले नाहीत, पण मला समोरून यायला अजून जरा जड जातं.

बैलाने पेरलेलं आणि ट्रॅक्टरने पेरलेलं, दोन्ही उगवून आलंय. तिफणीची ओळ जरा वाकडी आहे, उगवण उलट थोडी चांगली वाटते. ते खोलीमुळे असेल. यंत्र एखादं बोट जास्त खोल गेलं असावं. त्यावर वेगळं लिहीन.

ट्रॅक्टरचं म्हणाल तर थंडीत किंवा पहाटे चालू करताना तिसरा सिलिंडर किंचित उशिरा धरतो असं मला वाटतं. तो व्हॉल्व्ह थोडा भाजला असेलच. सोयाबीन निघालं की हेड उतरवून व्हॉल्व्ह घासून घेणार, खराब असेल तर बदलणार. तो खर्च माझ्या ०.१० चा.

परवा शेजारच्या जिल्ह्यातून एकाचा फोन आला. त्यांनी माझा व्हिडिओ बघून दहाची पट्टी लावली होती. त्यांचा ट्रॅक्टर नांगरटीत गरम झाल्यावर दम सोडत होता आणि ते पंप काढायला निघाले होते. मी सगळं सांगितलं, माफी मागितली. ते म्हणाले, "पंप काढायच्या आधी फोन केला हे बरं झालं." त्यांनी झाकण उघडून पुशरॉड फिरवून बघितले, दोन फिरत नव्हते. अजून कोणी असेल तर संकोच करू नका, फोन करा. शिव्या दिल्या तरी चालतील.

टूलबॉक्सच्या झाकणावर जुन्या अक्षरांच्या खाली काल नवीन रंगाने लिहिलं, "टॅपेट ०.३० मिमी थंड". तात्या शेजारी उभे होते. म्हणाले, थंड हा शब्द मोठा लिही, आणि तारीख टाक. तारखेला जागा सोडलीय. ५० तास झाल्यावर परत एकदा झाकण उघडून तपासणार आहे, तेव्हा टाकीन. आज २२ झालेत.